पडद्यामागचा बखरकार

रायगडाच्या महादरवाजापाशी सगळे फोटो काढत असतात, तेव्हा एक माणूस दोन बुरुजांच्या बेचक्यात उभा राहून ‘इथे पोचेपर्यंत दरवाजा दिसतच नाही की!’ असं स्वतःशीच पुटपुटत असतो. तो गाइड नसतो, संशोधकही नसतो. तो डीएम असतो. डीएम म्हणजे डंजन मास्टर. या खेळात चार-सहा माणसं टेबलाभोवती बसतात आणि एकेक पात्र घेतात. कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार, कुणी चोर. उरलेलं सगळं जग, म्हणजे राजे, राक्षस, खानावळवाले, पाऊसपाणी आणि देवदेवता, एकटा डीएम चालवतो. त्याच्यापुढे पुठ्ठ्याचा एक पडदा उभा असतो. पडद्यामागे डोकवायचं नाही असा दंडक आहे. इतर डीएम तिथे राक्षसांची कोष्टकं ठेवतात. आमच्या डीएमने तिथे इतिहासाची पुस्तकं ठेवली आहेत, आणि त्यामुळे पडदा अधूनमधून आमच्या अंगावर पडतो.

गडावर या माणसाला सूर्यास्त दाखवून उपयोग नाही. त्याला पाण्याची टाकी दाखवा, धान्यकोठार दाखवा, चोरदरवाजा दाखवा. दौलताबादला आम्ही एकदा त्याला घेऊन गेलो. तिथल्या ‘अंधारी’त शिरल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते त्याच्या लग्नातसुद्धा आलं नव्हतं. कातळात खोदलेला काळोखा, वळणावळणाचा जिना, वरच्या तोंडाशी शत्रूला धुराने कोंडून मारायची सोय, शिवाय वटवाघळं. जगभरचे डीएम असलं काही चौकटीच्या कागदावर काढून समाधान मानतात. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढलं की आत जाता येतं. याने पायऱ्या मोजल्या, वळणं मोजली आणि गाइडला गंभीरपणे विचारलं, “यातून किती जण जिवंत बाहेर पडत असतील?”

गाइड म्हणाला, “सायेब, रविवारी लई गर्दी असते.”

पुढच्याच शनिवारी आम्ही त्या जिन्यात अडकलो. टेबलावर, म्हणजे. धुराने आमचे दोघे गेले.

लग्नात हा माणूस धोकादायक होतो. पंगतीत बसल्या बसल्या दारं कुठे आहेत ते आधी बघतो, आणि शेजारी नवखा माणूस सापडला की त्याला सांगतो, “ती ‘गेम ऑफ थ्रोन्स’मधली रेड वेडिंग आहे ना, ती स्कॉटलंडवरून घेतलीय. १४४० साली एडिंबराच्या किल्ल्यात डग्लस घराण्यातल्या दोन कोवळ्या पोरांना जेवायला बोलावून मारलं. आणि १६९२ मध्ये ग्लेन्कोला पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनीच यजमानांना कापलं.” एवढं होईपर्यंत जिलबी येते. नवखा माणूस जिलबी घेत नाही.

आता आमचं टेबल. एक सीए, एक वकीलबाई, एक दातांचा डॉक्टर, आयटीतले दोघं (पैकी एक कायम ‘ऑन कॉल’) आणि मी. इतिहासाशी आमचा संबंध दहावीच्या बोर्डाने तोडला होता. डीएमला मात्र ठाम वाटतं की कल्पनेतल्या राज्यात खऱ्या इतिहासाचा जीव घातला नाही, तर ते राज्य म्हणजे नाटकाचा रंगवलेला पडदा. तत्त्व उत्तम आहे. ते आमच्यावर राबवलं जातं, ही अडचण आहे.

त्याची मोठी मोहीम सुरू झाली ती अशी. पवित्र नगरी परक्यांच्या ताब्यात आहे, ती सोडवायला धर्मसैन्य निघालंय, आम्ही त्यातले वीर. समुद्र ओलांडायला जहाजं हवीत. जहाजं बांधून देणार कालव्यांच्या शहरातले बुटके व्यापारी. डीएमची अपेक्षा अशी की आम्ही ‘ठीक आहे’ म्हणून शिडं उभारायची. पण सीएने करार वाचायला मागितला. डीएमने तो खरोखरच तयार ठेवला होता, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा केलेला.

“साडेतेहतीस हजार माणसांची वाहतूक, पंच्याऐंशी हजार चांदीचे मार्क,” सीएने वाचलं. “किनाऱ्यावर प्रत्यक्षात किती आलेत?”

“साधारण तिसरा हिस्सा,” डीएम म्हणाला.

“म्हणजे रेट माणशी आहे का लम्पसम?”

पडद्याआड पानं उलटल्याचा आवाज आला. “लम्पसम.”

“सही कुणी केली?”

“सहा दूतांनी.”

“आणि सैन्य किती जमेल याचा अंदाज कुणी काढला?”

“त्यांनीच.”

सीएने चष्मा काढून टेबलावर ठेवला. माझ्या माहितीत त्या संध्याकाळी तलवार कुणीच उपसली नाही. शिल्लक येणं चौतीस हजार मार्क, जहाजं बांधून तयार, व्यापारी पैशाशिवाय दोर सोडायला तयार नाहीत, आणि धर्मसैन्य एका बेटावर उन्हात बसलेलं. मग त्या शहराचा प्रमुख आला. वय नव्वदीच्या घरात, डोळ्यांनी आंधळा, आणि म्हणतो मी स्वतः तुमच्याबरोबर मोहिमेवर येतो. इथे आयटीवाला पहिल्यांदा बोलला. “दादा, हे जरा जास्त होतंय. नव्वदीचा आंधळा म्हातारा जहाजावर? कुणाला पटेल?”

दादाच्या, म्हणजे डीएमच्या, चेहऱ्यावर त्या वेळी जे दुःख दिसलं ते या जातीच्या सगळ्या माणसांचं खास दुःख आहे. त्याने स्वतःच्या मनाने रचलेला तीन डोक्यांचा बोकड आम्ही निमूट मान्य केला होता. पण म्हातारा पटेना. आणि म्हातारा खरा होता. एन्रिको दांदोलो, व्हेनिसचा डोज. चौथ्या धर्मयुद्धाच्या वेळी तो तसाच निघाला होता, तसाच पोचला आणि कॉन्स्टँटिनोपलमध्येच वारला. पण हे आम्हाला तेव्हा सांगायचं नव्हतं. त्यामुळे डीएम “असतात अशी माणसं” एवढंच म्हणाला आणि चकलीचा तुकडा मोडला.

म्हाताऱ्याने तोडगा काढला. वाटेत एक बंदर आहे, ते जिंकून द्या, मग येणं पुढे बघू. बंदर आमच्याच धर्माचं. दातांचा डॉक्टर पॅलाडिन होता, म्हणजे शपथ घेतलेला धर्मवीर. तो उसळला, “मी आपल्याच लोकांवर हत्यार उचलणार नाही!” सीए शांतपणे म्हणाला, “मग हप्ता तू भर.” बराच वेळ वाद झाला. शेवटी बहुमताने बंदर पडलं. डॉक्टर निषेध म्हणून लवकर उठून गेला. त्याच्याकडे रूट कॅनॉलचा पेशंटही होता म्हणे. १२०२ साली झारा शहर असंच पडलं. पोपने आधीच बजावलं होतं, नंतर बहिष्कार घातला. आणि सायमन द मॉन्फर्ट नावाचा सरदार तिथूनच, हत्यार न उचलता, फौजेतून निघून गेला. त्याला रूट कॅनॉल नव्हतं, एवढाच फरक.

पुढे एक परागंदा राजपुत्र आला. मला गादी मिळवून द्या, दोन लाख मार्क देतो, म्हणाला. सीएने त्याची मालमत्ता विचारली. नव्हती. तरीही आम्ही त्याच्यामागे गेलो, कारण जुनं कर्ज नव्या कर्जाने फेडायची सवय आम्हाला घरच्या कर्जांपासून आहे. त्याने अर्थातच पैसे बुडवले, आणि परक्यांपासून पवित्र नगरी सोडवायला निघालेल्या आम्ही स्वधर्माची सगळ्यात श्रीमंत राजधानी लुटली. मग डीएमने पडदा आडवा केला आणि सन सांगितला, १२०४. वकीलबाई म्हणाल्या, “म्हणजे आम्ही एवढे मूर्ख नव्हतो.” तो म्हणाला, “तेही नव्हते.”

हे त्याचं खरं कसब. पुष्कळ डीएम इतिहासातून लढाई उचलतात. लढाईचा शेवट आधीच ठरलेला असतो, खेळणारे नुसते भालदार-चोपदार होतात. हा बेणं वेगळं पेरतो. तो कर्ज उचलतो, करार उचलतो, कुणी कुणाला काय शब्द दिला होता ते उचलतो, आणि आम्हाला त्यात सोडून चहा पीत बसतो. नावं बदललेली असतात, कान टोकदार केलेले असतात, पण आठशे वर्षांपूर्वीचे सरदार जिथे अडकले तिथेच पुण्यातला सीए अडकतो.

नियमांचं पुस्तक मात्र त्याला वेळोवेळी दगा देतं. १६१८ साली प्रागच्या किल्ल्यात बोहेमियाच्या प्रोटेस्टंट सरदारांनी बादशहाचे दोन कारभारी आणि एक चिटणीस खिडकीतून खाली फेकले. सुमारे सत्तर फूट. तिघंही जगले. कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं, प्रोटेस्टंट म्हणाले खाली उकिरडा होता. चिटणिसाला पुढे सरदारकी मिळाली, तीही ‘उंचावरून पडलेला’ अशा अर्थाच्या किताबासह. डीएमला हा प्रसंग जीव की प्राण. त्याने तो आणला, आम्ही आनंदाने तिघांना फेकलं, आणि आयटीवाल्याने पुस्तक उघडलं. दर दहा फुटांना सहा पैलूंचा एक फासा, म्हणजे सात फासे. साध्या माणसाला जीव किती? चार. सातही फाशांवर एक-एक पडला तरी सात होतात. तिघंही मेले पाहिजेत. डीएम उकिरड्याबद्दल बोलू लागला. उकिरड्याची सूट कोणत्या पानावर आहे, असं वकीलबाईंनी विचारलं. तीस वर्षांचं युद्ध ज्या खिडकीतून सुरू झालं, ती खिडकी आमच्याकडे नियमात बसली नाही.

एवढा आटापिटा करून युरोपात जायचं कशाला, आपल्याकडे काय कमी आहे, हा प्रश्न प्रत्येक नवा पाहुणा विचारतो. डीएमने ते करून पाहिलंय. अगदी सुरुवातीच्या दिवसांत, नावगाव सगळं बदलून, पऱ्यांच्या राज्यात. तो नुसतं एवढंच म्हणाला, “एक बलाढ्य सेनापती तुम्हाला डोंगराच्या पायथ्याशी शामियान्यात भेटीला बोलावतो...” आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, “आत चिलखत घालून जातो.” चौथीचं पुस्तक ज्याने वाचलंय त्याच्यापुढे प्रतापगड लपवता येत नाही.

पण अडचण तेवढीच नव्हती. भेटीच्या क्षणाला नियमाप्रमाणे वीस पैलूंचा फासा टाकायला हवा. आणि त्यावर एक पडला तर? फासा सीएच्या हातात होता. तो म्हणाला, “मी नाही टाकणार.” वकीलबाईंनी घेतला नाही. ऑन कॉल आयटीवाल्याचा फोन वाजला नसतानाही तो उचलून बाहेर गेला. शेवटी डीएमनेच फासा पिशवीत टाकला आणि त्या दिवशी आम्ही भजी खाल्ली. तेव्हापासून त्याचा एक नियम आहे, आणि मला तो शहाणपणाचा वाटतो. ज्याचा शेवट बदललेला आपल्याला सोसणार नाही, ते फाशांच्या हाती द्यायचं नाही.

मग तो पेशवाईत शिरला. तिथे आपली भक्ती जरा कमी आणि भानगडी जास्त. पानिपतात १७६१ साली सदाशिवरावभाऊ पडले, पण लोकांच्या मनातून शंका गेली नाही. पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक जण उभा राहिला. त्याला रत्नागिरीला कैदेत ठेवला होता. १७७६ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यानेच त्याला सोडलं, त्याच्यामागे माणसं जमली, कोकणातले किल्ले त्याच्याकडे गेले, आणि अखेर पकडून त्याला देहदंड झाला. डीएमने याचं केलं असं. हरलेल्या महायुद्धानंतर पंधरा वर्षांनी एल्फांचा सेनापती परत येतो, तो खरा की तोतया ते तुम्ही शोधा. खुणा पेरल्या होत्या, साक्षीदार ठेवले होते, एक पत्र तर मोडी लिपीत लिहून आणलं होतं. आमच्यापैकी कुणालाच मोडी येत नाही. त्यालाही जेमतेम येते. त्यामुळे ते पत्र कुणाचं, कुणाला, हे आजतागायत कळलेलं नाही.

आम्ही तपास केलाच नाही. सीएने एकच प्रश्न विचारला, “हा आपल्याला काय देणार आहे?” उत्तर आलं, घोडे आणि एक किल्ला. “मग खराच आहे,” सीए म्हणाला. तेवढ्यात डीएमच्या आई चहा घेऊन आल्या. काकूंना आमचा हा खेळ पत्त्यांचा वाटतो, पण दाराआडून त्यांना सगळं ऐकू जातं. त्या म्हणाल्या, “भाऊंच्या बायकोने, पार्वतीबाईंनी, शेवटपर्यंत कुंकू पुसलं नाही. आणि तुम्ही घोडे मिळतात म्हणून ठरवता होय रे?” कुणी काही बोललं नाही. घोडे मात्र आम्ही परत केले नाहीत.

या माणसाचे दोषही सांगायला हवेत. तो ज्वारीचे भाव सांगतो. घोड्याला दाणा किती लागतो, तो कुठून येतो, पाऊस लांबला तर काय होतं, यावर त्याने एक आख्खी संध्याकाळ घालवली आहे. आम्ही तेव्हा एका ओढ्यापलीकडे जायच्या विचारात होतो. सारखं “खरं तर असं झालं होतं” म्हणायची त्याला खोड आहे. ते ऐकलं की खेळणाऱ्याच्या हातातलं हत्यार गळून पडतं. एकदा आम्ही बंड केलं. म्हटलं, एवढ्या नावाजलेल्या खेळात ड्रॅगन असतो, आमच्या वाट्याला नुसते तलाठी येतात. ड्रॅगन आण.

त्याने आणला. लाल, पंखवाला, डोंगराएवढा. गावावर घिरट्या घातल्या आणि खाली उतरून गावच्या पाटलाला म्हणाला, “उत्पन्नाचा चौथा हिस्सा द्या, जाळणार नाही. वर दहावा हिस्सा माझ्या वतनाचा.” सीएने बेरीज केली. “पस्तीस टक्के. इनपुट क्रेडिट मिळेल?” वकीलबाई मात्र खुर्चीत सरळ झाल्या. “थांब. चौथाई आणि सरदेशमुखी. अरे, हा ड्रॅगन आपलाच आहे!”

“बंगालमध्ये १७४०च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा गेल्या होत्या,” डीएम म्हणाला. “तिकडे अजूनही पोरांना झोपवताना बर्गी आले म्हणून घाबरवतात. ते बर्गी म्हणजे आपण. त्यांच्या गोष्टीत ड्रॅगन कोण असणार?” त्या दिवशीचा खेळ मला वाटतं आमच्या टेबलावरचा सर्वांत चांगला खेळ होता. आम्ही ड्रॅगन मारला नाही. त्याच्याशी तह केला, कारण दुसऱ्या डोंगरावर दुसरा ड्रॅगन होता आणि तो हिशेबसुद्धा देत नव्हता.

आम्ही त्याचं रचलेलं सगळं उधळून टाकतो याचं त्याला वाईट वाटत असेल, असं मला आधी वाटायचं. तर तो एकदा म्हणाला की या खेळाचा जन्मच तसा झालाय. प्रशियाचे लष्करी अधिकारी एकोणिसाव्या शतकात नकाशावर युद्धाचा सराव करत, वर एक पंच बसवून. त्याच परंपरेतून अमेरिकेत मिनेसोटाच्या डेव्हिड वेस्ली या गड्याने १९६९ मध्ये नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव मांडलं. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडूंनी आपापसात कारस्थानं केली, दोघांनी द्वंद्व लावलं, सैन्य बाजूलाच राहिलं. वेस्लीला वाटलं, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, परत कधी? त्या खेळाडूंत डेव्ह आर्नसन होता. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढला. “म्हणजे तुम्ही परंपरा पाळताय,” डीएम म्हणाला आणि फासे गोळा करू लागला. आवाजात जरा उपरोध होता, पण थोडाच.

सध्या तो १५१८ सालच्या स्ट्रासबुर्गवर काम करतोय. तिथे एक बाई रस्त्यात नाचायला लागली, मग शेकडो माणसं नाचू लागली, थांबेनात. नगरपालिकेने विचार केला की नाचून नाचून दमतील आणि बरे होतील, म्हणून त्यांच्यासाठी वादक भाड्याने आणले. रोग आणखी पसरला. यात त्याला कोणतंही भूत, चेटकीण किंवा शाप घालावा लागणार नाही, असं तो म्हणतो. आम्हाला तो नगरपालिकेचे सभासद करणार आहे. सीएने वादकांची बिलं आत्ताच मागितली आहेत.

दातांचा डॉक्टर नाशिकला गेल्यामुळे टेबलावर एक जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर शनिवारी संध्याकाळी यावं. फासे आमच्याकडे आहेत, चहा काकू देतात. इतिहास येत नसला तरी चालेल, हिशेब मात्र आला पाहिजे.